गाऱ्हाण्याचा कापलेला शेवट

सदा,

तुझ्या शोकसभेत तिघे बोलले आणि तिघांनीही तुला ‘सागरपुत्र’ म्हटलं. तुला पोहता येत नव्हतं हे तिघांनाही ठाऊक होतं. देवबागच्या निम्म्या होड्यांची इंजिनं तुझ्या हातून गेलेली, पण पाणी गुडघ्याच्या वर आलं की तू शिव्या घालायला लागायचास. मग माझं नाव पुकारलं गेलं. ‘बालमित्र, निवृत्त ग्रंथपाल, दोन शब्द बोलतील.’ मी उठलो नाही. खाली बघत, हात जोडून बसून राहिलो. लोकांना वाटलं, गळा दाटून आला. मी तसं वाटू दिलं. गळा शाबूत होता. पुढच्या रांगेत तुझी लेक मधुरा बसली होती आणि मान वळवून माझ्याकडे बघत होती, म्हणून मी घाबरलो होतो.

कशाला घाबरलो ते तुलाच सांगायला हवं. आयुष्यभर ज्याच्याशी देव नाही, भूत नाही, दृष्ट लागत नाही असं भांडलो, त्याच्याखेरीज हे ऐकून घेण्याचा हक्क कुणाला नाही. तू असतास तर पान्हा खाली ठेवून म्हणाला असतास, “मास्तरा, तू भियालंस?” मी मास्तर कधीच नव्हतो. पण पुस्तकं शिकवणारा आणि पुस्तकांवरची धूळ झटकणारा, तुझ्या लेखी दोघे एकच.

हो. भियालंय.

मधुरा कोल्हापूरला सिनेमा शिकायला गेली तेव्हा तू दोन महिने गावाला सांगत होतास की ती ‘कॉम्प्युटरचा कायतरी’ करते. मग तिची परीक्षेची फिल्म आली. बारा मिनिटांची. बापाची पर्यटकांची होडी पहिल्यांदाच एकटीने खाडीबाहेर नेणारी मुलगी, एवढीच गोष्ट. मुलीचं काम तुझ्या पुतणीने केलं. बापाचं काम करायला दुसरा माणूस मिळाला नाही म्हणून, आणि मिळाला असता तरी तू करू दिलं नसतंस म्हणून, तू केलंस. संवाद मी लिहिले. आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अहवालानंतर माझं हे पहिलंच साहित्य.

सुरुवात तुझ्या गाऱ्हाण्याने. मधुराला ते हवंच होतं. नवं इंजिन पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी तू नारळ ठेवून देवाला चार शब्द सांगायचास, बरोबरचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे, हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. काठावर केळीचं पान, पानावर नारळ, मागे होडी. मी लिहिलं होतं, “हिच्या वाटेक जा काय वायट येवचा आसात, ता दूर भायर घाल रे म्हाराजा.” तू कॅमेऱ्यासमोर उभा राहिलास आणि म्हणालास, “हिच्या वाटेक जा काय वायट-वकटा येवचा आसात, ता माझ्या वाटेक येवंदे रे म्हाराजा.”

मी विचारलं, “ह्या खंय लिवलेला?”

“लिवलेला नाय. बापूस काय म्हणात, ता मी म्हटलंय.”

मधुरा म्हणाली, राहू दे. राहिलं.

मग तिच्या सरांचं फर्मान आलं. फिल्मची पहिली तीन मिनिटं आधी प्रेक्षकांना दाखवा, त्यांचा अभ्यास करा, आणि त्यावरून सुरुवात ठरवा. सोबत एक छापील फॉर्म होता. ‘सुरुवात पाहून आपणास पुढे पाहावेसे वाटले का? अ, ब, क, ड.’ आम्ही तो पहिल्यांदा तोंडवलीच्या बचतगटातल्या बायकांना दिला. सगळ्यांनी सगळ्या प्रश्नांपुढे ‘छान’ लिहिलं. जिथे अ-ब-क-ड होतं तिथेही ‘छान’. एकीने ‘सूचना’ या रकान्यात लिहिलं, ‘मधुराचं लग्न ठरलं का?’

मी फॉर्मांचा गठ्ठा घेऊन तुझ्या शेडमध्ये आलो, तेव्हा तू हसून हसून खाली बसलास. “मेल्या, शेजारच्या चेडवाचा काम वायट आसा असा आमचा माणूस कागदार लिवतला? मराक टेकलो तरी नाय लिवूचो. तेंका इचारू नको. तेंच्या मानेकडे बघ. मान वयर आसा तवसर माणूस थंय आसा. खाली गेली काय तो मोबाइलात गेलो.”

पद्धत तुझी होती, सदा. हे मी कुठे नोंदवलं नाही. मधुराच्या अहवालात ‘निरीक्षण-पद्धत’ असं भारदस्त नाव देऊन मीच ते लिहिलं आणि तुझं नाव घातलं नाही. इंजिन ऐकून बिघाड ओळखणाऱ्या माणसाने सांगितलेली युक्ती मी चष्मा पुसून स्वतःच्या नावावर खपवली.

त्यानंतर मी खरोखर माना बघितल्या. बचतगटाला पुन्हा दाखवलं, मालवणच्या कॉलेजातल्या पोरांना दाखवलं, देवबागच्या एका होमस्टेत उतरलेल्या पाहुण्यांना जेवणाआधी दाखवलं. भिंतीला पाठ लावून, वही घेऊन, सिनेमाकडे न बघता सिनेमा बघणाऱ्यांकडे बघत उभा राहिलो. पाहुण्यांनी छायाचित्रणाची तारीफ केली आणि सोलकढीबद्दल विचारलं. आपल्या लोकांचं मात्र दोन्ही ठिकाणी सारखंच झालं. नारळ दिसला तेव्हा निम्म्या माना खाली. तू बोलायला लागलास, एकेक वर. ‘माझ्या वाटेक येवंदे’ला सगळ्या वर, आणि मग कुणी न सांगता अख्ख्या खोलीतून आवाज उठला, “व्हय म्हाराजा!”

अंगावर काटा आला. आनंदाचा. मी वहीत दोन रेघा मारल्या.

दुसऱ्या वेळी, कॉलेजात, तो आवाज उठला तेव्हा त्यात माझाही होता. हे तुला तेव्हा सांगितलं नाही. चाळीस वर्षं या गावात प्रत्येक गाऱ्हाण्याला मी तोंड मिटून उभा राहिलो, लोक मला शिष्ट म्हणत, मला ते आवडायचं. आणि तिथे वही हातात, पेन हातात, तोंड आपोआप उघडलं. तेव्हा मला ती गंमत वाटली होती.

त्या आवाजानंतर तू आणखी बोलत होतास. गाऱ्हाण्याला असतो तसा शेवट होता, “बोलताना काय चुकला-माकला आसात, कमी-जास्त झाला आसात, तर लेकराचा म्हणान पदरात घी, माफ कर रे म्हाराजा.” अर्ध्या मिनिटाचा. त्या अर्ध्या मिनिटात सगळ्या माना खाली जात. उत्तर देऊन झालेलं असे, आता कोण ऐकतो? माझ्या वहीत ते लख्ख दिसत होतं. मी मधुराला म्हटलं, शेवट काप. ‘येवंदे रे म्हाराजा’ झालं की पडदा काळा. त्या काळोखात प्रेक्षक स्वतःच ‘व्हय’ म्हणतील, आणि त्यावर फिल्मचं नाव. तिचे डोळे चमकले. ती म्हणाली, “काका, बाबांका इचारा. तेंचा काम आसा.”

मी तुला विचारलं. तुझ्या शेडमध्ये, एक इंजिन पोट उघडं टाकून पडलेलं होतं तेव्हा. तो आपला शेवटचा वाद ठरणार हे माहीत असतं तर मी अधिक नीट हरलो असतो.

“गाऱ्हाणा अर्ध्यार सोडूचा नसता,” तू म्हणालास. “मागलंस ता मागलंस. वयर माफी नको?”

मी म्हटलं, देवाला संकलन कळतं.

“मी इंजिन खोलतंय तेव्हा सगळे बोल्ट परत लावतंय. एक जरी हातात उरलो, तर होडी सोडूक देणय नाय.”

मी म्हटलं, हा बोल्ट कंटाळवाणा आहे. माझ्याकडे पुरावा आहे, माना मोजल्यात.

“तुका भय नाय वाटणा?”

“सिनेमा आहे, सदा.”

“सिनेमा तर सिनेमा. माझो आवाज पण सिनेमाचोच काय?”

मी हसलो. तू दुसरं, बांधून झालेलं इंजिन सुरू केलंस. चालू इंजिनाशेजारी कोणी वाद घालू शकत नाही, हे तुला पक्कं ठाऊक होतं. मी हात हलवून निघून गेलो.

संध्याकाळी मधुराचा फोन आला, बाबा काय म्हणाले? मी म्हटलं, “हो म्हणाला.”

एवढंच. मी तिला का फसवलं याचा मी महिनाभर विचार करतो आहे. त्रेसष्टाव्या वर्षी पहिल्यांदाच कोणी तरुण माणूस माझं म्हणणं लिहून घेत होतं. तुझ्या नकारामुळे ते खोडलं जाणार होतं. कारण इतकंच क्षुल्लक आहे.

तीन आठवड्यांनी सकाळी तू त्याच शेडमध्ये बसल्या जागी आडवा झालास.

डॉक्टर म्हणाले हृदय. मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो. तुझा बापही असाच गेला, तू विडी सोडली नव्हतीस, सगळं जुळतं. पण सदा, योगायोगावर मी पुस्तकं वाचली आहेत, लोकांना वाचायला दिली आहेत, आणि ती सगळी दुसऱ्यांच्या योगायोगांबद्दल असतात. आपला योगायोग दारात येऊन बसतो तेव्हा त्याला पुस्तक दाखवून हाकलता येत नाही. ‘हिच्या वाटेचा माझ्या वाटेक येवंदे.’ व्हय. आणि माफी कापलेली. कोणी कापली? मी. ‘व्हय’ कोणी म्हटलं? मीसुद्धा. हे मी दिवसातून किती वेळा जुळवतो आणि किती वेळा मोडतो याला सुमार नाही. देवळाच्या बाजूचा रस्ता मी टाळायला लागलो. बाजारात कोणी सहज ‘व्हय’ म्हटलं तरी दचकतो. एकदा आरशासमोर उभं राहून स्वतःला मोठ्याने सांगितलं की हा मूर्खपणा आहे. आवाज इतका पोकळ आला की पुन्हा तो प्रयोग केला नाही.

दहाव्यानंतर मधुरा घरी आली. बगलेत लॅपटॉप. कॉलेजला फिल्म द्यायची मुदत जवळ आली होती, आणि त्याआधी गावात दाखवायचं तू स्वतः सगळ्यांना कबूल केलं होतंस. तिने लॅपटॉप उघडला आणि तुझा चेहरा थांबवून ठेवला.

“काका, बाबा खंय बघतत?”

संहितेत होतं, समुद्राकडे. तू कॅमेऱ्याच्या किंचित डावीकडे बघत होतास.

“थंय मी उभी होतंय,” ती म्हणाली. “तेंच्या पुतणीकडे नाय बघणत. देवाकडे नाय. ‘हिच्या वाटेचा’ म्हणतत आणि माझ्याकडे बघतत. आणि दोन जागेर लोकांनी व्हय म्हटला. तुम्ही वाचलेले माणूस. सांगा माका, असा काय नसता.”

“नसतं,” मी म्हटलं.

“मगे शोकसभेत उठलास कित्याक नाय?”

मी म्हटलं, शेवट परत लाव, गाऱ्हाणं पुरं कर.

तुझीच मुलगी ती. खोललेल्या गोष्टीत काय कुठे बसतं ते तिला लगेच दिसतं. “लावलंय, तर त्याचो अर्थ तुमकाय ता खरा वाटता. म्हणजे बाबा माझ्यामुळे गेले. नाय लावलंय, तर गाव परत एकदा त्याच वाक्याक व्हय म्हणतला, आणि आवस थंय बसलेली असतली. काय करू?”

तिच्या आईने, म्हणजे वहिनींनी, ती सुरुवात अजून पाहिली नव्हती. प्रत्येक वेळी त्या घरी कामात होत्या.

तेव्हा मला कळलं की मी देवाला घाबरतो आहे हे माझं सोयीचं भय होतं. देवाला घाबरणाऱ्या माणसाबद्दल लोकांना कणव येते. माझं खरं भय बावीस वर्षांचं होतं आणि माझ्याच खुर्चीत बसून उत्तर मागत होतं. शेवट परत लावायला तिला देता येईल असं एकच खरं कारण माझ्याजवळ होतं, आणि ते देण्यासाठी मला आधी खोटारडा ठरावं लागणार होतं.

मी सांगितलं. तू नाही म्हणाला होतास. मी तिला तू ‘हो’ म्हणालास असं सांगितलं होतं.

ती उठली आणि बाहेर पायरीवर जाऊन उभी राहिली. पाठमोरी. मी वाट बघत बसलो. तिने ओरडायला हवं होतं. ती आत न वळताच, हळू आवाजात बोलली.

“तीन आठवडे होते, काका. कळला असता तर मी बाबांका फोन केलंय असतंय. भांडलंय असतंय तेंच्याशी. माका इचारूक मेळला असता, माझ्याकडे कित्याक बघलास ता.”

देव असेल नसेल, ते तीन आठवडे मी कापले. त्याला कुठल्याच गाऱ्हाण्यात माफी नाही.

ती आत आली. “काय म्हणालेले? तसाच्या तसा सांगा.”

मी सांगितलं. बोल्टाचं सांगितलं, भयाचं सांगितलं. ‘माझो आवाज पण सिनेमाचोच काय’ हे सांगितलं तेव्हा ती रडली. तू गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मग तिने पदवीधर मुलीसारखं नाक पुसलं, म्हणजे माझ्या टेबलावरच्या कागदाने, आणि तो कागद नेमका माझ्या निरीक्षणांचा होता.

“अॅक्टराक शेवट व्हयो होतो,” ती म्हणाली. “बस. माका ह्या कारण पुरता. देवासाठी नाय, तुमच्यासाठी नाय.”

लॅपटॉप उचलून ती गेली. त्यानंतर ती मला ‘काका’ म्हणते, चहा देते, वाटेत थांबते. माझं मत विचारत नाही.

काल संध्याकाळी शाळेच्या सभागृहात फिल्म दाखवली. आधी सत्कार झाले, हे तुला सांगायला नको. नारळ फोडला, दोन माणसांच्या गळ्यात हार पडले, त्यातल्या एकाचा फिल्मशी संबंध एवढाच की प्रोजेक्टर त्याच्या मेव्हण्याचा होता. तो पंधरा मिनिटं बोलला. ‘कोकणची कन्या जागतिक पडद्यावर’ असं काहीसं. तू असतास तर चालू इंजिन आणून ठेवलं असतंस.

वहिनी मधल्या रांगेत बसल्या होत्या आणि त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. मी मागे, भिंतीशी उभा राहणार होतो. “बसा हय,” त्या म्हणाल्या, “उभे कित्याक ऱ्हवतास? तुमचाच काम आसा मां?” त्यांना काय माहीत आहे आणि काय नाही ते मला समजलं नाही. मधुराने सांगितलं होतं का? विचारायची माझी छाती झाली नाही.

दिवे गेले. केळीचं पान, नारळ, होडी. तू आलास. सभागृहातल्या कुणीतरी ‘अरे देवा’ म्हटलं. मी वहिनींकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि वहिनींकडेच बघत होतो. माना बघायची सवय लागलेला माणूस मी. त्यांची मान सरळ होती.

“…ता माझ्या वाटेक येवंदे रे म्हाराजा.”

आणि गाव म्हणालं, “व्हय म्हाराजा!”

वहीत होतं तसंच. शंभर तोंडांतून एकदम. मेलेल्या माणसाला. लोकांना कळलं असेल का आपण कशाला हो म्हणालो ते? काहींना कळलं. आवाजाच्या शेपटाला तो एकाएकी बारीक झाला, पुढच्या एका बाईने तोंडावर हात नेला. पण तो निघून गेला होता. मी तोंड इतकं घट्ट मिटलं होतं की दात दुखले. मला वाटलं, संपलं. आता वहिनी वळतील आणि मला विचारतील.

पडदा काळा झाला नाही. तू बोलतच राहिलास. “बोलताना काय चुकला-माकला आसात…” आणि सभागृह, सदा, माझा अभ्यास खरा करत पांगायला लागलं. कुजबुज सुरू झाली. कोणी खोकलं, कोणी शेजाऱ्याला काही सांगितलं, दोन-तीन मोबाइल उजळले. ज्या अर्ध्या मिनिटासाठी तू भांडलास ते तू रिकाम्या जागेत बोलत होतास. “…कमी-जास्त झाला आसात, तर लेकराचा म्हणान पदरात घी…” मी ते पहिल्यांदा पूर्ण ऐकलं. संकलन करताना मी फक्त त्याची लांबी मोजली होती. “…माफ कर रे म्हाराजा.”

मग तू अजून क्षणभर डावीकडे बघत उभा राहिलास. उत्तराची वाट बघावी तसा.

“व्हय म्हाराजा,” वहिनी म्हणाल्या.

एकट्याच. बाजारात भाव ठरवावा इतक्या साध्या आवाजात. पुढच्या रांगेतलं कोणी वळलं नाही. पडद्याशेजारी लॅपटॉपवर वाकलेल्या मधुराने मान वर केली, मग पुन्हा खाली घातली.

माझं भय गेलेलं नाही. आज सकाळी लिहायला बसलो तेव्हाही ते होतं, आता कागद संपत आला तरी आहे. वहिनींचं ‘व्हय’ तुला ऐकू गेलं असेल असं मी म्हणणार नाही, तेवढा मी अजून बदललेलो नाही. मी शेजारी बसलो होतो. मला गेलं.